ज्याचा नंबर, त्याचा जोड

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या अर्निसवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. अर्निस हा फिलिपिन्सचा काठीचा खेळ. दोन हातांत सव्वादोन फुटांच्या दोन वेताच्या काठ्या, समोर तसाच दुसरा माणूस, आणि मग खटाखट. ग्रुपमधल्या एकानंही फिलिपिन्स पाहिलेलं नाही, मीसुद्धा नाही. पण खरं घराणं कोणाचं, यावर तिथे सकाळच्या चहाआधीच जुंपते. याचा गुरू अमका, अमक्याचा गुरू तमका, आणि तमका तर म्हणे फक्त एक आठवडा शिकला होता, त्याला कसला गुरू म्हणता! एकाकडे पुण्याच्या तीन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र, दुसऱ्याकडे मोबाइलवर दिलेल्या परीक्षेचं. दोघंही एकमेकांना बोगस म्हणतात. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण ते ऋषींसाठी. आमच्यासारख्यांना कूळ विचारल्याशिवाय करमत नाही.

मी त्या ग्रुपवर कधीच काही लिहीत नाही. लोकांना वाटतं, मॅडम शांत स्वभावाच्या आहेत. मी शांत-बिंत नाही, शाळेतल्या मुलांना विचारा. मी गप्प असते, कारण या भांडणात एका माणसाचा जीव पोळला आणि काडी मी लावली होती. आता तो माणूस गेला, म्हणून हे लिहिते आहे. नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही. एक नाव लिहून मी जे करून ठेवलं तेवढं पुरे आहे.

मेडशीला रोडच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. वखरं, पेरणी यंत्रं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. आम्ही पोरंपोरी त्यांना काका म्हणायचो. दुकान टाकण्याआधी नऊ-दहा वर्षं ते आखातात एका कंपनीत वेल्डर होते. तिथल्या कॅम्पात एका खोलीत सहा जण राहायचे, त्यातला एक फिलिपिन्सचा. तोही वेल्डर. त्याला हा खेळ त्याच्या मामानं शिकवला होता. शुक्रवारी सुट्टी असली की तो काकांना कंटेनरच्या मागच्या सावलीत घेऊन जायचा आणि दोघं घामाघूम होईपर्यंत खेळायचे. मी एकदा विचारलं, "काका, त्याची भाषा तुमाले कशी समजे?" काका म्हणाले, "काठीले कायची भाषा पोरी? लागली का समजते."

गावात परत आल्यावर त्यांनी शिकवायला जागा शोधली. मंदिरासमोरची जागा खडबडीत, शाळेच्या मैदानात गोखरू. आमच्या विहारामागे मात्र छान सिमेंटचं अंगण होतं. काका आमच्या समाजातले नव्हते. एके दिवशी सकाळी ते आले, पायरीशी चपला काढल्या, आत जाऊन हात जोडले आणि बाहेर बसलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना म्हणाले, "पोरायले इथी खेळू देता का?" म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "पोट्टे कोनाकोनाचे येतीन?" काका म्हणाले, "जे येतीन थे." झालं, एवढीच बोलणी. मी तेव्हा आठवीत होते. वडील मालेगावला पंचायत समितीत शिपाई. मुलीनं काठ्या फिरवायच्या म्हणजे काय, असं आईला वाटलं, पण वडील म्हणाले, जाऊ दे, कामात पडेल.

पहिलं वर्षभर काकांनी आमच्या हाती काठी दिलीच नाही. तुऱ्हाट्या दिल्या. तुरीच्या वाळल्या काड्या आमच्याकडे काय, चुलीत घालायला रगड. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि तुऱ्हाटीवर तुऱ्हाटी मारायची. जोरात मारली की ती कडकन मोडते. मोडली की काका म्हणायचे, "हात जड हाये. जाय, दुसरी आन." ज्या दिवशी एकच जोडी सकाळभर टिकली, त्या दिवशी मला पहिल्यांदा वेत मिळाला. दोन्ही हातांनी आडवंतिडवं मारायची एक चाल आहे, तिला सिनावली म्हणतात. काका ती बाज विणल्यासारखी शिकवायचे, वरून एक, खालून एक, आणि दोरी सुटता कामा नये. त्यांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पुढे मी व्हिडिओ पाहिले तेव्हा कळलं की काही चालींचा क्रम त्यांनी उलटा शिकवला होता, आणि दोन-तीन हात तर सरळ आपल्याकडच्या लाठीचे होते. शुक्रवारच्या शुक्रवारी कंटेनरमागे शिकलेली विद्या ती, थोडं इकडचं तिकडे होणारच. पण माझ्या मनगटात आज जे काही आहे ते त्यांनी घातलेलं आहे.

त्यांची एक रीत होती. कॅम्पात प्रत्येक वेल्डरला एक नंबर असायचा. दोन पाइप जोडले की जोडाच्या बाजूला त्यानं आपला नंबर ठोकायचा. दहा वर्षांनी जरी तो जोड गळला, तरी कंपनी नंबर पाहून माणूस शोधणार. काकांचा नंबर एक्केचाळीस. चाराचा एक आणि एकाचा एक, असे दोन पोलादी ठसे ते येताना घेऊन आले होते. त्यांच्या मते पोरगं तयार झालं की ते ठसे गॅसच्या ज्योतीवर लाल करायचे आणि त्याच्या काठीच्या बुडाशी तो आकडा उमटवायचे. हेच आमचं प्रमाणपत्र. माझी काठी चौथ्या वर्षी डागली. वेताचा जळका वास आला, धूर डोळ्यांत गेला, आणि मी धुरामुळे रडते आहे असं सगळ्यांना सांगितलं. काका म्हणाले, "ज्याचा नंबर, त्याचा जोड. आता तू कोठी चुकली, तं लोक मले इचारतीन."

मी चुकले, आणि लोकांनी त्यांनाच विचारलं.

माझं बी.पी.एड. झालं होतं आणि दोन वर्षं मी घरी बसून होते. मानोरा तालुक्यात एका निवासी शाळेत क्रीडा शिक्षकाची जागा निघाली. त्यांना कुठल्या तरी एका खेळाचं मान्यताप्राप्त प्रशिक्षक प्रमाणपत्र हवं होतं. काठीच्या बुडाशी डागलेला एक्केचाळीस त्यांना चालणार नव्हता. तेव्हा नुकतीच एक संघटना निघाली होती, ती असं प्रमाणपत्र द्यायची. अट एकच. तुमच्या गुरूची नोंदणी त्यांच्याकडे हवी.

मी फॉर्म आणला. सगळा इंग्रजीत. प्रशिक्षकाचं नाव, त्याच्या गुरूचं नाव, त्या गुरूच्या गुरूचं नाव, परंपरा, आणि पुरावा. दुकानात पत्र्याच्या डब्यावर बसून मी काकांना विचारत गेले. गुरूचं नाव त्यांनी सांगितलं, नुसतं हाक मारायचं नाव. आडनाव? "त्याचं आडनाव कोनाले मालूम पोरी? बत्तीस नंबर होता त्याचा." त्याच्या गुरूचं नाव? "त्याचा मामा." मामाचं नाव काय? "थो मामाच म्हने." असं म्हणून ते हसले आणि चष्मा लावून कामाला लागले.

घरी येऊन मी त्या रिकाम्या चौकटींकडे पाहत बसले. 'हाक मारायचं नाव' आणि 'मामा' एवढ्यावर संघटना हसली असती. मी मोबाइल उघडला. फिलिपिन्समधल्या एका फार मोठ्या गुरूचं नाव सापडलं, ज्याचे जगभर शिष्य आहेत. इतक्या शिष्यांत एक जास्त झाला तर कोण मोजायला बसलंय, असं मी स्वतःला सांगितलं. आणि गुरूच्या चौकटीत ते नाव लिहिलं. त्याच्या गुरूचंही लिहिलं, स्पेलिंग पाहून पाहून, सुवाच्य अक्षरात. काकांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सही घ्यायला गेले. उगाच विचारलं, "वाचून दाखवू का?" काका म्हणाले, "तू लिवलं ना? मंग काय वाचाचं." हात कापडाला पुसून त्यांनी मराठीत सही केली. काळ्या बोटाचा एक ठसा कोपऱ्यात राहिला.

महिन्याभरानं संघटनेनं वाशिमला एका मंगल कार्यालयात बैठक बोलावली. जिल्ह्यातले सगळे शिकवणारे होते, कारंज्याचे होते, रिसोडचे होते. प्रत्येकानं उठून आपलं घराणं सांगायचं आणि बाकीच्यांनी खोडायचं, असा एकूण कार्यक्रम होता. आयुष्यात कधी बोट न पाहिलेली माणसं कोणता गुरू कोणत्या बेटावरचा यावर हातघाईवर आली होती. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते आणि हे सगळं कौतुकानं ऐकत होते. मला म्हणाले, "लय शिकेल लोकं हायेत."

त्यांचा नंबर आला. अध्यक्षांनी फॉर्म हातात घेतला, ते मोठं नाव वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही यांचे शिष्य?"

काका उभे राहिले. "कोनाचा?"

अध्यक्षांनी नाव पुन्हा वाचलं.

"नाई जी. हे नाव तं म्या ऐकलंबी नाई. माहा गुरू येगळा. माह्यासंगंच खोलीत राहे. वेल्डर होता."

सभागृहात खसखस पिकली. कोणीतरी विचारलं, "आणि त्या वेल्डरचा गुरू?"

"त्याचा मामा."

"मग मामाचं पत्र आहे का?"

मागून एक जण ओरडला, "हरवलं!" आणि सगळं मंगल कार्यालय हसलं. लहानपणी गोल बसून खेळतात त्या खेळातली ती ओळ, कोणाच्याही तोंडात सहज येणारी. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. अगदी थोडं हसले, पण हसले. काका सगळ्यांकडे पाहून स्वतःही हसले, कारण त्यांना अजून कळलं नव्हतं की काय चाललंय.

अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी फॉर्म पुढे धरला. "मग हे नाव इथे कोणी लिहिलं?"

काका पुढे गेले. फॉर्म डोळ्यांजवळ धरून पाहिला. इंग्रजी त्यांना जेमतेम लागायचं, पण माझं अक्षर ते ओळखत होते. दुकानाच्या पाटीवरचा इंग्रजी मजकूर मीच लिहून दिला होता. त्यांची नजर फॉर्मच्या खाली आली, सहीपाशी, त्या काळ्या बोटाच्या ठशापाशी, आणि तिथेच थांबली. मी दहा हातांवर बसले होते. मी उठायला हवं होतं. तीन शब्द बोलायला हवे होते. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आणि मनात म्हणत होते, माझ्याकडे पाहू नका, माझ्याकडे पाहू नका.

त्यांनी पाहिलं नाही. फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सही माही हाये ना? मंग म्याच लिवलं."

पुढचं सगळं भरभर झालं. खोटी वंशावळ दिल्याबद्दल त्यांच्यावर बंदी. नुकसान नको म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या एका प्रशिक्षकाच्या शिबिराला तीन दिवस यावं, त्या प्रशिक्षकाच्या नावे प्रमाणपत्र मिळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याबद्दल किती उदार झाले ते.

परतताना एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो. मालेगावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून भजे आणले, कागद माझ्या पुढे धरला. मग म्हणाले, "पोरी, थो मानूस कोन हाये, ज्याचं नाव होतं थे?" मी मोबाइलवर त्या मोठ्या गुरूचा व्हिडिओ लावून दिला. त्यांनी तो दोनदा पाहिला, मोबाइल दूर धरून, मान तिरकी करून. "हात चांगला हाये त्याचा," म्हणाले. "आपल्या बत्तीस नंबरवाल्याचा असाच पडे." मेडशी आलं तेव्हा उतरताना एवढंच म्हणाले, "नवकरी लागली का मले सांगजो."

मला अजून वाटतं, त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तर मी सुटले असते.

मी शिबिराला गेले. ज्यांच्या नावे मला प्रमाणपत्र मिळालं त्या सरांनी दुसऱ्या दिवशी मलाच पुढे उभं करून सिनावली दाखवायला लावली आणि इतरांना म्हणाले, असं करा. नोकरी लागली. पेढे घेऊन मी काकांच्या घरी गेले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंना स्वयंपाकघरातून हाक मारून बाहेर बोलावलं. काकूंनी पेढा घेतला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि काकांकडे न पाहता म्हणाल्या, "बरं झालं, दुसऱ्याच्या नावानं तरी लागली. यायच्या नावानं कोनाले लागते?" काकूंच्या बोलण्याचा अर्थ काय, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी पाणी पिऊन निघाले.

विहारामागची पोरं तोवर पांगली होती. गावात बोलायचे, बोगस निघाले म्हणे. ज्यांच्या ट्रॉल्यांचे जोड काकांनी लावले होते तेही बोलायचे. काका सकाळी दुकान उघडायचे आणि संध्याकाळी बंद करायचे, एवढंच. माझ्या शाळेत तांड्यांवरची मुलं आहेत. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलं वसतिगृहात राहतात. मी त्यांना तुऱ्हाट्या देते. मोडली की म्हणते, हात जड आहे, दुसरी आण. एखादी मुलगी विचारते, मॅडम, तुमाले कोनं शिकवलं? मी प्रमाणपत्रावरचं नाव सांगते. दरवर्षी नवी मुलं येतात, दरवर्षी मी तेच नाव सांगते. पहिल्या वर्षी जीभ अडखळली होती, नंतर तीही सवयीची झाली.

आठ-दहा महिन्यांतून एकदा मेडशीला गेले की दुकानावरून जायचे. काका विचारायचे, "पोरं कशी हायेत? मनगट सैल ठेवते ना?" कबूल करायचं ठरवून मी दर वेळी जायचे आणि दर वेळी मनगटाच्या गोष्टी करून परत यायचे. त्यांच्या छातीत कफ भरलेला असायचा. इतक्या वर्षांचा वेल्डिंगचा धूर. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणता म्हणता यंदा तुरी निघायच्या सुमाराला ते गेले.

मला ती बातमी ग्रुपवर कळली. 'ज्येष्ठ प्रशिक्षक, आमचे मार्गदर्शक' असं लिहून कोणीतरी त्यांचा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला फोटो टाकला होता, त्याच बैठकीतला. खाली रांगेनं हात जोडलेले. 'हरवलं' म्हणून ओरडणाऱ्यानंही हात जोडले होते. त्या दिवशी मात्र कोणी कोणाचं घराणं विचारलं नाही.

तेरवी झाल्यावर मी गेले. घरी काकू एकट्याच होत्या. सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. मी माझी काठी बरोबर नेली होती, का नेली ते मलाही माहीत नाही. त्यांनी ती हातात घेतली, बुडाचा एक्केचाळीस बोटानं चाचपला आणि माझ्या मांडीवर परत ठेवली.

बराच वेळ त्या काकांच्या आजारपणाचं सांगत होत्या. मग सूप थांबवून म्हणाल्या, "तूच सांग वं बाई, तू जवळची होती त्याईच्या. जिंदगीत कोनाचा खिळा नाई उचलला या मानसानं. मंग एवढ्या मोठ्या मानसाचं नाव काहून लिवलं असन त्याईनं? तुले काही बोलले होते का?"

म्हणजे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. सभेत जे बोलले तेच घरी येऊन बोलले, बायकोपाशीसुद्धा. तो जोड त्यांनी आपल्याच नंबरावर ठेवला, शेवटपर्यंत.

इतकी वर्षं शाळेत शुद्ध बोलून माझी वऱ्हाडी बुजत चालली आहे, पण हे तिच्यातच निघालं. "काकू, थे नाव म्या लिवलं होतं. काकाले मालूमबी नोतं. त्याईनं नुसती सही केलती."

त्यांचा हात सुपात तसाच राहिला. "काहून?"

"नवकरीसाठी."

त्यांनी मान हलवली, जशी बाजारातला भाव ऐकून हलवतात तशी. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असं फार वाटत होतं. पण त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. जिथे काका जेवायला बसायचे त्या भिंतीकडे पाहत होत्या.

"रोज जेवाले बसले का मी म्हनो, तुमीनं चोट्टेपना केला, गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली. थे म्हनत, हो, चुकलं माहं. अन् मुकाट्यानं जेवत." त्यांनी सुपातली तूर मुठीत घेतली आणि हळूहळू सोडली. "मंग मी त्याईले एवढी वर्सं कायले बोलली वं?"